घरच्या कॉम्प्युटरसाठी बॅकअपचं सोपं सॉफ्टवेअर कसं निवडायचं?

बॅकअपचं सॉफ्टवेअर शोधायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांतच डोकं भणभणायला लागतं. इमेज, क्लोन, सिंक, इन्क्रिमेंटल, डिफरेन्शियल, व्हर्जनिंग... प्रत्येकाच्या पानावर हिरव्या खुणांचा लांबलचक तक्ता आणि वर दावा की आमचंच सगळ्यात सोपं. शेवटी माणूस कंटाळून खिडकी बंद करतो आणि बॅकअप राहतो तो राहूनच जातो.

नवख्याला त्या तक्त्यातल्या बहुतेक गोष्टी लागतच नाहीत. माझा सल्ला एवढाच की सॉफ्टवेअर बॅकअप किती भारी घेतं ते नंतर बघा, उडालेली फाइल किती सहज परत देतं ते आधी बघा. बॅकअप घेताना आपण निवांत असतो. फाइल परत काढायची वेळ येते तेव्हा हातपाय गळालेले असतात, आणि त्या वेळी अनोळखी सॉफ्टवेअरचे मेनू चाळत बसणं कुणालाच जमत नाही. या एका कसोटीवर निम्मी यादी आपोआप गळते.

पहिली पायरी: जपायचं काय ते ठरवा

विंडोज, ऑफिस, ब्राउझर, गेम्स हे सगळं पुन्हा टाकता येतं. कटकट होते, एखादा दिवस जातो, पण मिळतं. फोटो, लिहिलेले मजकूर, हिशेबाच्या शीट, स्कॅन केलेली कागदपत्रं हे मात्र गेलं की गेलं. सुरुवातीला फक्त याचाच बॅकअप घ्या. अख्खा कॉम्प्युटर जसाच्या तसा जपायच्या नादाला लागलात तर पहिल्याच दिवशी काम अडेल.

आता या फाइली नेमक्या कुठे आहेत ते शोधा. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर सगळ्यांना आठवतात. डेस्कटॉपवर साचलेला पसारा आणि डाउनलोड्समध्ये पडून राहिलेल्या पीडीएफ विसरल्या जातात. आउटलुक वापरत असाल तर मेलची पीएसटी फाइल कुठे आहे ते बघा. थंडरबर्ड वापरत असाल तर त्याचं प्रोफाइल 'अ‍ॅपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतं. हिशेबाची सॉफ्टवेअरं तर कधी कधी आपला डेटा थेट सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरात ठेवतात आणि ठरलेले फोल्डर घेणारं बॅकअप सॉफ्टवेअर आपणहून तिकडे फिरकत नाही. अशा सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक वेळा स्वतःचं बॅकअपचं बटण असतं. ते दाबून तयार होणारी फाइल डॉक्युमेंट्समध्ये ठेवायची सवय लावली की पुढचं काम सोपं होतं.

एक गोष्ट इथेच तपासा. वनड्राइव्ह चालू असेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींच्या शेजारी छोटी चिन्हं दिसतात. हिरवी टिकमार्क असेल तर फाइल खरोखर तुमच्या डिस्कवर आहे. नुसता ढग असेल तर तिथे फक्त नाव आहे, मजकूर इंटरनेटवर आहे. अशा फाइली बॅकअपमधून हमखास सुटतात. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, म्हणजे त्या आधी खाली उतरतील.

शेवटी प्रत्येक फोल्डरवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, आणि किती जीबी आहे तो आकडा कागदावर लिहा. बेरीज करा. हा कागद पुढे दोनदा लागणार आहे.

दुसरी पायरी: बॅकअप कुठे ठेवणार?

'माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, काळजी नाही' हे वाक्य फार ऐकू येतं. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये जाऊन बघा. दोन्ही 'डिस्क 0' च्याच ओळीत दिसत असतील तर डिस्क बिघडल्यावर दोन्ही एकदमच जातील. विंडोज बिघडून पुन्हा टाकावं लागलं तर डी ड्राइव्हमधल्या फाइली वाचतात खऱ्या, पण डिस्कच गेली किंवा लॅपटॉप चोरीला गेला तर त्या वेगळेपणाचा काही उपयोग नाही.

तेव्हा एक बाहेरची, म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. मघाच्या बेरजेच्या किमान दुप्पट जागेची, कारण बॅकअपमध्ये फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही साठतात. या कामाला महागडी एसएसडी लागत नाही, साधी फिरती हार्ड डिस्क चालते. केबल आणि पोर्ट यूएसबी 3 चे असावेत. यूएसबी 2 चा कागदावरचा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, तर यूएसबी 3 ची सुरुवातच 5 गिगाबिटपासून होते, आणि पहिल्या मोठ्या बॅकअपला हा फरक चांगलाच जाणवतो. पेन ड्राइव्ह फाइली इकडून तिकडे न्यायला ठीक, कायमच्या बॅकअपला नको. डिस्क जुनी असेल आणि एफएटी 32 मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लांबलचक व्हिडिओ कॉपी होताना अडला तर कारण बहुधा हेच.

या क्षेत्रात 3-2-1 नावाचा एक नियम सांगतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे तो रुळला. मूळ फाइल धरून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. नियम चांगलाच आहे, पण पहिल्या आठवड्यात तो पुरा करायला जाऊ नका. आधी एक डिस्क, एक सॉफ्टवेअर, एवढं नीट चालू द्या. दुसरी डिस्क नातेवाइकांकडे ठेवायची की क्लाउड घ्यायचं, हा विचार महिन्याभरानंतर केला तरी चालेल.

डिस्क सतत जोडून ठेवावी की नाही, यावर मतं वेगळी आहेत. जोडलेली असेल तर सॉफ्टवेअर आपोआप काम करतं आणि आपल्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. पण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, कॉम्प्युटरला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही बंद करून टाकतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला तेव्हा हे अनेकांना कळून चुकलं. घरच्या वापरासाठी मी आठवड्यातला एक वार ठरवायला सांगतो. त्या दिवशी डिस्क जोडा, बॅकअप होऊ द्या, 'इजेक्ट' करून काढा आणि कपाटात ठेवा. तुम्ही रोज लिखाण किंवा हिशेबाचं काम करत असाल आणि एका दिवसाचं कामही गमावणं परवडणार नसेल, तर एक डिस्क जोडलेली आणि दुसरी कपाटात अशा दोन घ्याव्या लागतील.

तिसरी पायरी: सिंकला बॅकअप समजू नका

गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, आयक्लाउड यांचं मुख्य काम सिंकचं. इथे बदललं की तिथेही बदलतं, इथून उडवलं की तिथूनही उडतं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये उडवलेली फाइल 30 दिवस राहते, पुढे कायमची जाते. फोल्डर चुकून डिलीट झाला आणि ते दीड महिन्यानं लक्षात आलं, तर क्लाउड असूनही हात रिकामे. शिवाय फुकटची जागा फार नसते. गूगल एका खात्याला 15 जीबी देतं, त्यात जीमेल आणि फोटोही आले. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी 5 जीबी देतात.

विंडोज 11 मधलं 'विंडोज बॅकअप' नावाचं अ‍ॅपही तुमचे फोल्डर वनड्राइव्हवरच चढवतं. नाव बॅकअपचं असलं तरी पद्धत सिंकची आहे. ते बंद करा असं मी म्हणत नाही, उलट घराबाहेरची प्रत म्हणून ते उपयोगी आहे. फक्त त्यावर विसंबून बाहेरची डिस्क टाळू नका.

चौथी पायरी: आता सॉफ्टवेअर

सुरुवात कॉम्प्युटरसोबत आलेल्या सोयीपासूनच करावी. ती फुकट असते, वेगळी टाकावी लागत नाही, आणि अडलं तर मदत करणारे भरपूर सापडतात.

विंडोजमध्ये 'फाइल हिस्टरी' आहे, विंडोज 8 पासून. विंडोज 11 मध्ये ती सेटिंग्जमध्ये सापडत नाही. स्टार्ट दाबून 'कंट्रोल पॅनेल' शोधा, त्यात 'सिस्टम अँड सिक्युरिटी', मग 'फाइल हिस्टरी'. बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर ती तिथे दिसते. 'टर्न ऑन' दाबलं की काम सुरू. ठरलेल्या फोल्डरमधल्या बदललेल्या फाइलींची ती दर तासाला प्रत घेते. डाव्या बाजूच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये दोन गोष्टी बघा. किती वेळानं प्रत घ्यायची ते दहा मिनिटांपासून दिवसातून एकदा इथपर्यंत ठरवता येतं. आणि जुन्या आवृत्त्या 'फॉरेव्हर' ठेवायच्या असं आधीपासून निवडलेलं असतं. तिथे 'अनटिल स्पेस इज नीडेड' करा, नाहीतर डिस्क भरली की बॅकअप थांबतो.

फाइल हिस्टरीची अडचण अशी की ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरलेल्या जागाच घेते. डी ड्राइव्हवरचा तुमचा 'कागदपत्रं' फोल्डर तिला आपोआप दिसत नाही. त्यावर राइट क्लिक करून तो एखाद्या लायब्ररीत, म्हणजे विंडोजनं केलेल्या फोल्डरांच्या गटात, सामील करावा लागतो. विंडोज 11 मध्ये हा पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत दडलेला असतो.

त्याच कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज 7)' हेही दिसेल. तिकडे जाऊ नका. त्यातली सिस्टम इमेजची, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या कॉम्प्युटरची एकत्र प्रत घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टनं 2017 मध्येच मोडीत काढायच्या यादीत टाकली आहे.

मॅक असेल तर फार विचार करायचं कारणच नाही. 'टाइम मशीन' 2007 पासून आहे आणि नवख्यासाठी याहून सोपं काही माझ्या पाहण्यात नाही. गेल्या 24 तासांच्या तासातासाच्या प्रती, गेल्या महिन्याच्या रोजच्या, त्याआधीच्या आठवड्याच्या असा हिशेब ते स्वतः ठेवतं आणि जागा संपली की सगळ्यात जुनं आधी काढतं. डिस्क देताना तेवढं जपा. तिच्यावर आधीपासून काही असेल तर टाइम मशीनसाठी तयार करताना ते पुसलं जाऊ शकतं. म्हणून डिस्क कोरीच द्या.

लिनक्सवाल्यांसाठी 'डेजा डुप'. 'टाइमशिफ्ट'चंही नाव सुचवलं जातं, पण ते मुळात सिस्टमच्या फाइलींसाठी आहे आणि होम फोल्डर आपणहून धरत नाही. फोटो जपायला त्याचा उपयोग नाही.

सोबतची सोय अपुरी पडली तरच बाहेर बघा. कुठलाही फोल्डर निवडायची मोकळीक हवी असेल तर 'फ्रीफाइलसिंक' चांगलं आहे. डाव्या बाजूला मूळ फोल्डर, उजव्या बाजूला डिस्क, 'कम्पेअर' दाबलं की काय काय बदलणार ते दिसतं आणि मगच 'सिंक्रोनाइझ' दाबायचं. डिस्कवर फाइली जशाच्या तशा राहतात, हे त्यातलं मोठं सुख. मात्र त्यात 'मिरर' नावाचा पर्याय आहे, तो डिस्कला मूळ फोल्डरची हुबेहूब नक्कल करतो. मूळ फोल्डरातून काही उडालं असेल तर डिस्कवरूनही उडवतो. 'अपडेट' निवडा, त्यात डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. अर्थात बदललेली फाइल जुनीवर चढतेच. जुन्या आवृत्त्याही हव्या असतील तर 'व्हर्जनिंग' चालू करून त्यांना वेगळा फोल्डर द्या.

अख्खा कॉम्प्युटर विंडोजसकट परत उभा करता यावा असं वाटत असेल तर 'वीम एजंट'ची फुकट आवृत्ती आहे. त्यासाठी आधी रिकव्हरीचा, म्हणजे बिघडलेला कॉम्प्युटर सुरू करून देणारा पेन ड्राइव्ह बनवून ठेवावा लागतो. तो न बनवता इमेज घेत बसलात तर कॉम्प्युटर सुरूच होत नाही त्या दिवशी अडचण होईल. 'डुप्लिकाटी' फुकट आहे, क्लाउडवर फाइली कुलूपबंद करून पाठवतं, पण फाइलींचे तुकडे करून साठवतं. ते तुकडे सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाहीत. काम उत्तम, पण पहिलं सॉफ्टवेअर म्हणून मी ते सुचवणार नाही.

विकतचं एखादं आवडलं तर पैसे भरण्याआधी चाचणीच्या मुदतीत एकच प्रयोग करा. पाच-सहा फाइलींचा बॅकअप घ्या, मग ती डिस्क ते सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. फाइली दिसल्या तर उत्तम. स्वतःच्याच प्रकारची एक बंद फाइल दिसली, तर उद्या कंपनीनं धंदा बदलला की तुमचं काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. ही नुसती शंका नाही. क्रॅशप्लॅन या बॅकअप कंपनीनं घरगुती ग्राहकांची सेवा 2018 मध्ये बंद केली. मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरची लोकप्रिय फुकट आवृत्तीही कंपनीनं मागे घेतली. पैसे किती, यापेक्षा वर्गणी थांबवल्यावर जुना बॅकअप उघडता येतो का, हे आधी वाचा. नव्या हार्ड डिस्कसोबत येणारं सॉफ्टवेअरही याच कसोटीला लावा, डिस्कच्या डब्यातून आलं म्हणून ते चांगलं असतंच असं नाही.

पाचवी पायरी: पहिला बॅकअप

पहिल्या वेळी सगळ्या फाइली जातात, त्यामुळे काही तास लागू शकतात. रात्री लावा, लॅपटॉप चार्जरला जोडा, आणि काही वेळानं कॉम्प्युटर आपोआप झोपण्याचं सेटिंग तेवढ्यापुरतं बंद करा. पुढच्या खेपांना फक्त बदललेलं जातं, ते लवकर उरकतं. संपल्यावर मघाचा कागद काढा आणि डिस्कवरच्या फोल्डरांचा आकार त्याच्याशी ताडून बघा. निम्माच आकडा दिसला तर एखादा फोल्डर सुटला आहे किंवा ढगवाल्या फाइली राहिल्या आहेत.

सहावी पायरी: फाइल परत काढून बघा

हे केल्याशिवाय बॅकअप झाला असं म्हणू नका. डेस्कटॉपवर एक साधी वर्डची फाइल बनवा, नाव देवनागरीत द्या. काही जुनी सॉफ्टवेअरं अशा नावांचे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं करून टाकतात, तेही कळेल. दोन ओळी लिहा, बॅकअप घ्या. मग एक ओळ बदला, पुन्हा बॅकअप घ्या. आता फाइल डिलीट करा, रिसायकल बिनही रिकामं करा. आणि पहिल्या दोन ओळींची जुनी आवृत्ती परत आणून दाखवा.

फाइल हिस्टरीत यासाठी 'रिस्टोर पर्सनल फाइल्स' दाबायचं. खालच्या बाणांनी मागच्या तारखांवर जाता येतं, आणि मधलं मोठं हिरवं गोल बटण फाइल मूळ जागी आणून ठेवतं. हीच डिस्क नुसती उघडून बघितलीत तर 'फाइलहिस्टरी' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात तुमचं नाव, कॉम्प्युटरचं नाव, 'डेटा', मग सी. एकेक उघडत गेलात की फाइल सापडते, फक्त नावाच्या शेपटीला कंसात तारीख, वेळ आणि यूटीसी अशी अक्षरं लागलेली असतात. ती वेळ तुमच्या घड्याळाशी जुळली नाही तरी घाबरू नका, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. फाइल साधीच आहे, डबल क्लिक केली की उघडते. म्हणजे विंडोज पूर्ण बंद पडलं तरी दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर ती वाचता येईल. याच कारणासाठी, दिसायला जुनाट असूनही, मी नवख्यांना फाइल हिस्टरीच सांगतो.

ही चाचणी तीन-चार महिन्यांनी पुन्हा करा. मोठं अपडेट झालं असेल तर लगेच.

पासवर्डचं काय?

डिस्कला पासवर्ड लावला तर ती हरवली तरी कुणी आतलं बघू शकत नाही. पण पासवर्ड विसरलात तर तुम्हीही बघू शकत नाही, आणि तिथे कुठल्याही कंपनीची मदत चालत नाही. तेव्हा पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या जागी ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला ती जागा सांगा. विंडोजच्या बिटलॉकरनं डिस्क कुलूपबंद करणार असाल तर तो 48 अंकी रिकव्हरी की देतो, तीही छापून ठेवा. ती की त्याच कॉम्प्युटरमध्ये फाइल म्हणून ठेवणारे लोक आहेत, काय बोलणार!

खरंच फाइली उडतात तेव्हा

आधी कॉम्प्युटर वापरणं थांबवा. बॅकअपची डिस्क लगेच त्याच कॉम्प्युटरला जोडू नका. व्हायरस असेल किंवा पोर्टच बिघडलेलं असेल तर होता तो आधारही जाईल. ती दुसऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरला जोडा आणि लागणाऱ्या फाइली आहेत का तेवढंच बघा. असतील तर काही करण्याआधी त्या आणखी एका डिस्कवर कॉपी करा. मग दुरुस्त केलेल्या किंवा नव्या कॉम्प्युटरवर आणा, आधी कागदपत्रं, मग फोटो, व्हिडिओ सगळ्यात शेवटी.

उडालेलं बॅकअपमध्ये नसेलच तर डिलीट झालेलं शोधून देणारी सॉफ्टवेअरं त्याच डिस्कवर टाकायला धावू नका. नवीन काहीही टाकलं की जुन्या फाइलींच्या जागा भरत जातात. एसएसडी असेल तर ट्रिम नावाच्या सोयीमुळे डिलीट झालेली जागा थोड्याच वेळात खरोखर साफ होते आणि काही सापडण्याची आशा कमीच असते. अशा वेळी डिस्क काढून डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी. सगळं परत मिळालं असं वाटलं तरी जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. मधल्या वर्षांतले काही फोटो, एक-दोन शीट, एखादी मोठी व्हिडिओ फाइल प्रत्यक्ष उघडून बघा, आणि निदान महिनाभर ती डिस्क तशीच बाजूला राहू द्या.